पाण्याखालची फळी

माझे बाबा, बंडूजी, नाचणगावहून पुलगावच्या भाजीबाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला जन्मभर गेले. यंदा पोळ्याच्या सुमारास त्यांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण बाजाराची वाट काही केल्या आठवेना. आईचं एकच पालुपद, "आता घरीच बसा." घरी ते नुसते भिंतीकडे पाहत राहायचे आणि माझा जीव तुटायचा. बाजारातल्या त्यांच्या जागेवर शेजारी बसणाऱ्या चिंधूकाकाचा डोळा होताच.

मी वर्ध्याला प्रयोगशाळेत काम करते. विषाणूच्या तापातून उठलेल्या उंदरांना नवं किती शिकता येतं, किती आठवतं, हे आम्ही पाहतो. म्हणून एका सकाळी बाबांना घेऊन बाजाराला निघाले, तेव्हा आईने टोमणा मारलाच, "बाप हाय तो तुहा, उंदीर नाई."

सायकल बाबांच्या हातात, मागे सांभाराच्या जुड्या आणि त्यामागे पायी मी. वाट त्यांनीच शोधायची, मी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. फाट्यावर ते भलतीकडेच वळले आणि पीठगिरणीपाशी येऊन थांबले. चेहरा गोंधळलेला. माझी नजर आपोआप घड्याळाकडे गेली.

"घड्याळ काऊन पाहून राह्यली?"

"सवय हाय, बाबा. उंदराले पाण्यात सोडलं का वेळ पाहा लागते."

"पाण्यात?"

"मोठ्या टबात. पाण्याखाली एक फळी राहते, वरून दिसत नाई. भिंतीवरच्या खुणा पाहून तिच्यावर जायचं. चांगला उंदीर लवकर शिकते."

"अन् ताप येऊन गेलेला?"

"फिरत राहते बिचारा."

"मंग डुबते?"

"डुबू नाई देत. वेळ झाला का हातानं फळीवर नेऊन बसवतो. घडीभर बसू देतो, आजूबाजूले पाहू देतो. मंग पुन्हा सोडतो."

"रागावत नाई?"

"उंदरावर कोण रागावते?"

"माह्यावर तुही माय रागावते," म्हणत ते हसले. तापानंतर पहिल्यांदाच हसले.

"शिकतात का मंग?"

"काही शिकतात. हळूहळू."

"अन् जे नाई शिकत?"

प्रयोग संपल्यावर उंदरांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. शिकलेल्यांचंही तेच होतं. ते मी बापाला सांगणार नव्हते, पण त्यांच्याशी खोटंही बोलवेना.

"त्यायलेही नेऊन बसवतो, बाबा. दर खेपेले."

बाबांनी गिरणीकडे पाहिलं, समोरच्या दुकानांकडे पाहिलं. एकही खूण पटली नसावी. मग त्यांनी हँडलवरचा एक हात सोडला आणि माझ्यापुढे केला.

"ने मंग," ते म्हणाले. "अन् उद्या पुन्हा सोडजो."