वीणा कुणी धरायची

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा सरला की दुसऱ्यानं यायचं, वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, वीणा आपल्या गळ्यात घ्यायची. मग देणाऱ्यानं त्याच्या पाया पडायचं. वीणा गळ्यात आहे तोवर तो माणूस उरत नाही, देवच होतो. रहिमतपूरजवळच्या आमच्या वाडीत पंचायती आल्या आणि गेल्या, पण हा नेम मोडलेला मी पाहिला नाही. कीर्तनाची मला ओढ, म्हणून सातही दिवस मी मंडपातच असते. सत्त्याण्णव सालचं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

लालासाहेब आणि कृष्णात सख्खे चुलतभाऊ. पाटाच्या पाण्यावरून त्यांचं बोलणं कधीचंच तुटलं होतं. एकाची म्हैस दुसऱ्याच्या बांधाला तोंड लावी आणि काठ्या निघत. त्या वर्षी दोघंही पंचायतीच्या एकाच जागेला उभे राहणार होते. अर्ज भरायचा शेवटचा दिवस नेमका सप्ताहात आला. दुपारी तीनच्या आत तालुक्याला पोचायचं. सकाळचा पहारा कृष्णातचा. तो आटोपला की तो निघणार होता.

आदल्या दिवशी लालासाहेबानं पोलिसांत तक्रार दिली होती, की कृष्णातनं आपल्या इंजिनाचे पाइप कुऱ्हाडीनं फोडले. फोडले होतेच. गावाला ठाऊक होतं.

जीप देवळासमोर थांबली. फौजदार तासगावकडचे, खाकीच्या गळ्यातून तुळशीची माळ डोकावत होती. बूट काढून, टोपी काखेत धरून ते आत आले आणि कृष्णातला धरायचं सोडून आधी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मग हळूच म्हणाले, चलावं लागेल, पण आधी वीणा कुणाला तरी द्या.

पुढचा पहारा बाळासोचा होता. तो कमानीपर्यंत आला आणि जीप बघून तिथंच बसला. आता वीणा घेणं म्हणजे कृष्णातला पोलिसांच्या हवाली करणं. मंडपातली माणसं आपापल्या टाळांकडे बघत राहिली. कुणी उठेना. फौजदार खांबाला टेकून बसले. सरकारचा हुकूम त्यांच्या खिशात आणि सरकार सतरंजीवर. हवालदारानं किती वेळ बसायचं म्हणून विचारलं, तर त्यांनी त्याच्या हातात टाळ दिले.

लालासाहेब आणि त्याची माणसं बाहेर गाडी घेऊन थांबली होती. त्यातल्या एका जाणत्यानं त्याला सांगितलं, की कृष्णात इथं आपणहून अडकलाय, त्याचा अर्ज काही भरून होत नाही, आपण जाऊ, जागा आपलीच. गोष्ट खरी होती. पण लालासाहेब म्हणाला, "बेडी बघितल्याबिगर मी हालायचा न्हाई." माणसांना त्यानं पुढं पाठवलं, सहीला मागनं फटफटीवर येतो म्हणाला. नळावर पाय धुतले आणि आत आला.

कृष्णातसमोर येऊन तो उभा राहिला. आता वाकणं आलं. टाळ आपोआप थांबले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तरी तो वाकला आणि वैऱ्याच्या पायांवर त्यानं कपाळ टेकवलं. कृष्णातनं वीणा त्याच्या गळ्यात घातली. मग तोही त्याच्या पाया पडला, आणि उठताना एवढंच बोलला, "संबाळ, दादा. लय जड हाय."

जीप गेली. धुरळा बसल्यावर लालासाहेबानं कमानीकडे मान वळवली.

"बाळासो, ये रं. धर."

"आंगूळ व्हायची हाय, दादा."

"मग कर की."

"बंब पेटंना."

मग त्यानं भावकीतल्या अंबूबाईच्या थोरल्या लेकाला हाक मारली. तो जागचा हलला नाही. भावकीचं सुतक हाय, म्हणाला.

"तुजी भावकी म्हंजी आमीच की. कोण मेलंय?"

"मग सुतक तुमालाबी लागलं की. तुमी कशी धरली?"

कुणी हसलं नाही. लालासाहेबाचा एकही माणूस गावात उरला नव्हता. माझ्यानं बघवेना. मी उठून म्हटलं, आणा इकडं, मी धरते. तर त्यानंच माझ्यावर डोळे वटारले. "बायकांनी शिवायची न्हाई. आमच्या बाचा नेम हाय."

सप्ताह त्याच्याच वडलांनी सुरू केलेला. त्यांचा हार घातलेला फोटो समोर तुळईला टांगलेला. त्या फोटोखाली वीणा भुईला टेकवायची त्याची छाती झाली नाही. ऊन मंडपात शिरलं, पंगत उठली, माणसं ढेकर देत त्याच्यासमोरून गेली आणि जाताना नेमानं एकेक जण त्याच्या पाया पडून गेला. पाया सगळे पडले, पण हात कुणी पुढं केला नाही. तीन वाजले.

तालुक्याला पोलीस ठाणं आणि कचेरी एकाच आवारात. हे लालासाहेबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. फौजदारांनी हवालदार सोबत देऊन कृष्णातला अर्ज भरू दिला. कायद्यानं आडकाठी नव्हती. सरकारी जीपनं त्याला वेळेत पोचवलं होतं. दुसरा अर्जच आला नाही. संध्याकाळच्या एसटीनं आलेल्या माणसानं कमानीपाशीच सांगितलं, की जागा बिनविरोध गेली.

तेव्हा बाळासो आला. केस ओले, कपाळाला बुक्का. लालासाहेबाच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून त्यानं वीणा आपल्या गळ्यात घेतली. सप्ताह अखंड राहिला याचा माझ्या जीवाला आनंद व्हायला हवा होता.

लालासाहेब नेमाप्रमाणे वाकला. बाळासोचे दोन्ही पाय त्यानं हातांनी घट्ट धरले, बराच वेळ सोडले नाहीत, आणि खालूनच म्हणाला, "म्होरल्या साली तुजा पहारा कवा हाय, त्येवडं सांगून ठेव."