दाढीचं पाणी

हिवाळ्यात ऑर्विल आणि व्हर्ना आपली घरगाडी ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभी करत. तिथे नळ नव्हता, टाकीतल्या पाण्यावरच भागवायचं. व्हर्ना ताटंसुद्धा कागदाने पुसायची आणि नवऱ्याला दाढीला अर्धा पेला पाणी द्यायची.

"चिकटपणाला काही सुमार?" तो करवादला.

"दाढी करून कुणाच्या लग्नाला जायचंय?"

तो तणतणत फिरायला निघाला, तर वाळूत तिच्याच बुटांचे ठसे. ते टेकडीमागे गेले होते. गेल्या वर्षी त्यांनी आपला कुत्रा बिस्किट तिथे पुरला, तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती. त्याच्यावरचं झुडूप हिरवंगार होतं आणि बुडाशी माती ओली.

दुसऱ्या सकाळी ऑर्विलने पेला तिच्याकडे सरकवला.

"आज दाढी नको. हेही त्याला घाल."