ॲक्सिलरेटरची केबल

भंगारवाले हैबतराव रोह्याहून दुपारच्या गाडीने जिते स्टेशनवर उतरणार होते. तोवर घरची पिकअप सुरू झाली नाही तर ती तोडायला जाणार आणि शकूचे वडील दिनानाथ कंपनीत वॉचमनची शिफ्ट धरणार, हे घरात ठरून गेले होते. वीस वर्षे खाडीकडचे मीठ रोह्याला पोहोचवणारा हा माणूस आठवडाभर अंगणातल्या गाडीकडे पाठ करून जेवत होता.

किल्ली फिरवली की इंजिनाखालून नुसते 'टक' व्हायचे. बॅटरी नवी आणून झाली. रामवाडीचा मिस्त्री पोपट स्टार्टर उघडून, पुन्हा बसवून गेला आणि जाताना निकाल देऊन गेला, "इंजिन आतून जाम हाय. ढकलू नका, गिअर तुटतील."

शकूने यंदाच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. पुरी केली होती. इंजिन जाम आहे हे कोणी तपासलेच नव्हते, म्हणून तिला ते पटेना. तिने पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून अंगाचा भार टाकला. पुली जड होती, पण फिरली.

"बाबा, जाम नाय. फिरतंय."

"पाना फिरतो गो. गाडी फिरेल तवा सांग," दिनानाथ ओटीवरून म्हणाले.

"तू गाडीत बस तरी. हेडलाइट लाव नि किल्ली मार."

दिवे लागले. टक. दिवे होते तेवढेच लख्ख राहिले. स्टार्टरने करंट ओढला असता तर ते मंदावले असते. म्हणजे बॅटरी भरलेली होती, पण करंटाची वाट कुठेतरी तुटली होती.

"अजून एकदा. धरून ठेव."

बॉनेटमध्ये वाकताना तिने आधाराला ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. केबल चटका बसण्याइतकी तापली होती.

त्या केबलचा विजेशी काही संबंध नसतो. पायाने ओढायची ती तार. पण तिचे एक टोक इंजिनाला, दुसरे बॉडीला. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून करंटाला इंजिनातून चासीवर परत यायला तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. ती वाट बंद असली तर करंट मिळेल त्या बारीक तारेत घुसणार.

शकू गाडीखाली सरकली. पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट होता. सगळे काळे कुळकुळीत.

"बाबा, ही पट्टी कोणी खोललेली?"

"मीच. डांबर लावायला." दिनानाथ खाली वाकून बघू लागले. "पावसाआधी होडीला लावतो ना आपण? मिठाने पत्रा खातो. पट्टीखालीसुद्धा दोन हात दिले. आपलं काम वरवरचं नाय."

"तेच नडलं. होडीला करंट लागत नाय, बाबा. डांबरातून तो जात नाय."

दारातून सीताबाई म्हणाल्या, "मी तवाच बोलली व्हती, एक हात पुरे."

दिनानाथांनी बायकोकडे पाहिले नाही. शर्ट काढून खुंटीला लावला. "सर गो. ज्याने लावलं त्यानेच काढायचं."

रॉकेलचा बोळा, मग पॉलिश पेपर. डांबर निघायला अर्धा तास लागला, तेव्हा कुठे रुपयाएवढे लोखंड चमकले. दिनानाथ बोल्ट आवळत असतानाच रुळांकडून गाडीची शिटी आली, आणि थोड्या वेळाने हैबतराव पान्यांची पिशवी घेऊन अंगणात उभे राहिले.

दिनानाथांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हले आणि तिसऱ्यांदा सुरू झाले. हैबतराव काळ्या धुरात दिसेनासे झाले.

"दिनूभाऊ, ही जाम व्हती ना?" धुरातून आवाज आला.

"व्हती."

"मग मी काय नेऊ?"

"मीच तुम्हाला नेतो. पोती चढवतो, तोवर चहा घ्या. रोह्याला मीठ टाकायचं राहिलंय."

शकूने पुन्हा केबलवर हात ठेवला. केबल गार होती. मग तिने बॉनेट लावले.