बोडनझेचा मासा

"ब्रुगर, बोट थांबव," मी ओरडलो. काठी धनुष्यासारखी वाकली होती आणि रीळ करकरत होतं.

"नाइन, नाही. थांबवली तर दोरी ढिली पडेल, मासा सुटेल," सुकाणूवरचा ब्रुगर शांतपणे म्हणाला. "तू फक्त रीळ फिरव, भास्कर. सावकाश."

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात ब्रुगर पंधरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. निवृत्त झाल्यावर त्याने बोडनझे सरोवरावर ही छोटी बोट घेतली. बोटीमागे दोऱ्या सोडून माणसाच्या चालीने फिरत राहायचं, एवढंच काम. दोरीच्या टोकाला चमच्यासारखा चकचकीत पत्रा असतो, तो ट्राउट माशाला पळणारी मासोळी वाटतो. ऐकायला सोपं आहे. माझी ही अकरावी खेप होती आणि दहा वेळा मी हात हलवत घरी गेलो होतो.

मी साताऱ्याचा, अंडंसुद्धा न खाणारा. माझी बायको ऊर्मिला मालवणची. लग्नाच्या वेळी माझ्या आईने अट घातली होती, घरात मासा शिजणार नाही. पुढे आई गेली, आम्ही जर्मनीत आलो, पण ती अट मी सामानाबरोबर बांधून आणली. सव्वीस वर्षं ऊर्मिलाने तोंडातून शब्द काढला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तिची सवय मोडली असेल. माणूस स्वतःच्या सोयीचं काय वाटेल ते वाटून घेतो.

आता तिच्या पोटात कॅन्सर पसरला होता. डॉक्टरांनी उपचार थांबवले आणि सांगितलं, खावंसं वाटेल ते द्या. तिच्या घशाखाली पेजही उतरेना. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, ताजा मासा मिळाला तर दोन घास जातील बहुतेक. बर्फातला नको."

दुकानातून आणलेला तिने जिभेला लावून बाजूला ठेवला. म्हणून मी ब्रुगरचे पाय धरले. जर्मनीत गळ टाकायलाही परीक्षा असते. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी माशांच्या कल्ल्यांची चित्रं पाठ केली. रात्रीच्या उजळणीला ऊर्मिला प्रश्न विचारायची आणि माझ्या उत्तरांना हसायची.

उद्या सकाळी दहाला तिला हॉस्पिझमध्ये, शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषागृहात न्यायला गाडी येणार होती. म्हणजे घरच्या चुलीवर तिच्यासाठी काही शिजवायचा आजचा शेवटचा दिवस. पहाटे निघण्याआधी तिने पलंगावरून सांगितलं तसं मी खोबरं, मिरची, धणे वाटून ठेवलं होतं. तिरफळं तिने स्वतः निवडली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

मासा बोटीजवळ आला. ब्रुगरने जाळीत घेऊन तो माझ्यासमोर लाकडी फळीवर ठेवला आणि पट्टी लावली. साठ सेंटिमीटरच्या आतला असता तर सोडावा लागला असता.

"सदुसष्ट," तो म्हणाला. "आल्झो, तर मग, आता डोक्यावर एक फटका, मग सुरी. लवकर, उगाच हाल नकोत." दांडका माझ्या हाती देऊन तो सुकाणूकडे वळला.

मी डाव्या हाताने मासा दाबून धरला. रुपेरी अंग, त्यावर काळे ठिपके, आणि तोंड उघडत मिटत होतं. जन्मात मी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडलेलं. चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची आमच्या घरची रीत. इथे तर जीवच घ्यायचा होता. मी दांडका खाली ठेवला, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

ब्रुगरने वळून रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग माझ्या जोडलेल्या हातांकडे. अंधार पडेपर्यंत तो बोट फिरवत राहिला. पुन्हा काही लागलं नाही. मी रडत होतो, ते त्याने न बघितल्यासारखं केलं.

घरी आलो तेव्हा ऊर्मिला जागी होती. तिचा चेहरा दाराकडेच होता.

"मिळाला होता," मी म्हणालो. "सदुसष्ट सेंटिमीटर. मारायच्या आधी मी त्याला नमस्कार केला."

"दोन्ही हातांनी?"

मी मान हलवली. ती हसली, आवाज न करता, खांदे हलतील एवढी. मग दमून तिने उशीवर डोकं टेकलं. मला म्हणायचं होतं, सव्वीस वर्षं चुकलो. ते तोंडातून निघेना, म्हणून म्हणालो, "हात धुऊन येतो."

"धुऊ नका." तिने माझे दोन्ही हात ओढून स्वतःच्या चेहऱ्यावर घेतले आणि डोळे मिटले. "हाच वास," ती म्हणाली. ती तशीच झोपली, आणि मी रात्रभर हात काढले नाहीत.

सकाळी दहाला गाडी आली. कागद पुढे करणाऱ्या बाईने मी सही करताना नाक किंचित मुरडलं. मी हात मागे घेतला नाही.