खालची चावी

तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वर बघून ओरडली, "दादा, ते प्लास्टिक सोड!"

चाळीस फुटांवर, बूम लिफ्टच्या, म्हणजे चाकांच्या यंत्राच्या लांब दांड्याला लावलेल्या पाळण्यात उभा राहून तिचा थोरला भाऊ गोदामाची भिंत रंगवत होता. फवाऱ्याचा रंग उडू नये म्हणून त्यानं कठड्याला प्लास्टिकचा कागद बांधला होता. सकाळी वारा नव्हता तेव्हा ही शक्कल ठीक होती. आता कागद पोट फुगवून बसला होता आणि अख्खा पाळणा भिंतीकडे रेटत होता.

"दोन हात मारले की झालं!"

हे तो तासाभरापासून म्हणत होता.

यंत्राच्या बुडाशी एक चावी असते. ती फिरवली की वरच्या माणसाची बटणं मुकी होतात आणि पाळणा खालून हलवता येतो. ती शिकाऊ होती तेव्हा दादानं तिला दोनदा असंच उतरवलं होतं, चारचौघांत. त्याच्यावर मात्र तिनं चावी कधी फिरवली नव्हती. वीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाला खालून उतरवायचं म्हणजे त्याची अब्रूच काढायची.

यंत्राचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. तिनं चावी फिरवली आणि पाळणा खाली घ्यायला लागली.

"थांब! अगं थांब!"

रागावलाय. रागावू दे. तिनं बटण सोडलं नाही. मग वरून किंकाळी आली, ती रागाची नव्हती.

पाळणा टेकला तेव्हा सगळं कळलं. कागदाची एक गाठ सुटली होती. दुसरी सोडायला त्यानं हात कठड्याबाहेर घातला होता, आणि पाळणा खाली येताना हात कठडा नि खिडकीचा छज्जा यांच्यात चेंगरला होता. तिचं ऐकलं होतं त्यानं. उशिरा, पण ऐकलं होतं.

मुकादम धावत आला. दादाच्या हाताला फडकं गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "खाली कुणी घेतलं?"

"मीच सांगितलं तिला," दादा म्हणाला.

त्याला खोटं बोलता येत नसे. आताही नजर जमिनीवर होती.

"नाही," ती म्हणाली. "हा थांब म्हणत होता. मीच घेतलं. चाक उचललं गेलं होतं."

दादानं मान वर केली. "चाक? किती?"

तिनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

त्यानं त्या बोटांकडे पाहिलं, मग चाकाकडे. फडक्यातला हात छातीशी धरून तो पाळण्यातच खाली बसला.

"पाणी दे गं," तो म्हणाला.