‘मात’चा दाखला

माझे धाकटे दीर शब्दकोशाच्या कार्यालयात संपादक. तिथे जुन्या लिखाणातल्या दाखल्याशिवाय एकही अर्थ छापत नाहीत, आणि भाऊजी घरीही तसेच. आमचे हे शाळामास्तर. दोघे भाऊ रविवारी आमच्याकडे बुद्धिबळ मांडायचे, पण सोंगट्यांपेक्षा शब्दच जास्त लढायचे.

"मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ, पायदळ," हे सांगायचे. "इराणात गेलं, शतरंज झालं. तिथल्या शाहाचा आपण शह केला."

"इथवर कबूल, दादा."

घोडं अडायचं ते ‘मात’पाशी. भाऊजी म्हणत, शब्द अरबी, राजा मेला. हे म्हणत, फारसी, राजा निरुपाय झाला. "अरे, पटावर राजाला कोण मारतं? त्याची वाट खुंटते, एवढंच."

कोशात भाऊजींनी ‘मेला’ एवढंच छापलं. हे चारचौघांत बोलून गेले, "संपादक झाला, पण अक्कल प्याद्याचीच." भाऊजी ताडकन उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढे ह्यांनी अंथरूण धरलं. मी कार्यालयात गेले.

"भाऊजी, ह्यांचा निरोप आहे. मेला तर मेला म्हण, पण एक डाव खेळायला ये."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, दादाचंच बरोबर असावं. जुना दाखला शोधतोय. मिळाला की घेऊनच येतो. रिकाम्या हाताने कसा येऊ?"

"हात रिकामे असले तर त्यांचा हात धरता तरी येईल."

ते कसनुसं हसले. आले मात्र नाहीत. हे दाराकडे बघत पडून राहायचे. रोजच्या प्रार्थनेत मी ह्यांच्यासाठी आराम मागत असे. त्यापुढे आता, देवा, भाऊजींना तेवढा दाखला सापडू दे, असंही म्हणू लागले. असलं मागणं त्याच्याकडे कोणी केलं नसेल.

सापडला. भाऊजी धापा टाकत आले, तेव्हा ह्यांची शुद्ध हरपून रात्र उलटली होती. ते कानाशी वाकले, दाखला वाचला.

"दादा, नव्या आवृत्तीत दोन्ही अर्थ येतील. तुझा आधी."

ह्यांचा श्वास तेवढा चालू होता. भाऊजींनी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखं.

"एक टोमणा तरी मार की रे!"

मी खुर्ची पलंगाला लावली. "बसा, भाऊजी," म्हटलं. "आता कसली घाई?"