रावणाचे डोळे रंगवणारा कुंचला

मित्रांनो, देवरूखच्या शाळेत चित्रकलेच्या कपाटात एक कान तुटलेला कप आहे. त्यात उभा असतो तो मी. तुमच्यातले कित्येक जण मला केरसुणीचा तुकडा समजतात. मी एक जुना कुंचला आहे, केवड्याच्या मुळीचा, आणि मी रावणाचे डोळे रंगवले आहेत.

माझा जन्म दाभोळच्या खाडीतल्या एका बेटावर झाला. अशा बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. तिथल्या धाकूबाबांनी काठावरच्या केवड्याची बारीक मुळी तोडली, भिजवली आणि दगडावर ठेचून ठेचून तिचे केस मोकळे केले. ठेचताना दुखलं, खोटं कशाला सांगू? पण नंतर बाबांनी मला ओठांनी ओलं करून टोक आणलं, तेव्हा मी त्यांचाच झालो.

शिमग्यात आमच्याकडे नमन नावाचा नाचगाण्याचा खेळ होतो, त्यात रावण नाचतो. त्याचा लाकडी मुखवटा बाबा दरवर्षी नव्याने रंगवत. रंग सगळे जुव्याचेच. जांभ्याच्या मातीचा लाल, जाळलेल्या शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा काळा. ते वाटायचं काम त्यांच्या पत्नी सोनूबाईंचं. डोळे सर्वांत शेवटी, हात न उचलता एका रेघेत. मग मुखवटा घरातल्या लहान मुलाला दाखवायचा. मूल घाबरून पदराआड लपलं की रावण तयार.

१९८४ साली तुमच्या या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका पद्मजाबाई जुव्याची चित्रं काढायला येऊ लागल्या. येताना ब्रशांची पेटी आणत. ते गुळगुळीत ब्रश माझ्याकडे बघत नसत, मीही त्यांच्याकडे बघत नसे. त्याच वर्षी बाबांचा हात थरथरू लागला होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मला मात्र मुठीत कळत होतं. शिमगा आठवड्यावर आला, तेव्हा त्यांनी मुखवटा बाईंपुढे ठेवला.

“बाईंनू, माजा हात आता थिर ऱ्हात नाय. डोळं तुमी काडा.”

बाईंना फार आनंद झाला. आपल्या सर्वांत बारीक ब्रशाने त्यांनी दोन दिवस खपून डोळे रंगवले. पापण्या, बुबुळं, त्यात उजेडाचा ठिपका, सगळं अगदी हुबेहूब. मग बाबांच्या चार वर्षांच्या नातीला, राहीला, मुखवटा दाखवला. ती लपली नाही. उलट जवळ जाऊन तिने रावणाला काजूचं बोंड भरवायला घेतलं.

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पुढच्या वर्षापासून चिपळूणच्या बाजारातून तयार मुखवटा आणू, असं गावच्या मानकऱ्यांनी ठरवलं. बाबांनी मला कौलाखाली खोचून टाकलं. ते चार दिवस आठवले की मला अजून वाईट वाटतं.

मला तिथून काढलं सोनूबाईंनी. चुन्याचा हात फिरवून त्यांनी ते सुंदर डोळे बाईंच्या देखत पुसून टाकले आणि मला बाबांच्या मुठीत दिलं.

“हात हालला तं हालू द्या. रावन तुमचा हाय.”

रेघ थरथरत निघाली, कुठे जाड, कुठे बारीक. मला वाटलं, संपलं. पण मुखवटा उचलून धरला, तर डोळे गरगर फिरतायत असंच वाटलं. राही आजीच्या पदराआड शिरली, ती जेवायलाही बाहेर येईना. चिपळूणचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पद्मजाबाईंनी आपली पेटी मिटली.

बाबांनी आणखी तीन शिमगे डोळे रंगवले. दरवर्षी हात जास्त थरथरे आणि रावण जास्त भयंकर होई. ते गेल्यावर सोनूबाईंनी मला बाईंच्या हवाली केलं. रावणाचे डोळे पुढे रंगवायला त्यांनी आपल्या हाताने नवी मुळी ठेचली होती. तुमच्या वर्गातलं जुव्याचं लाल चित्र बाईंनी माझ्याकडूनच काढून घेतलं आहे.

मित्रांनो, परवा कुणीतरी मला रंगात बुडवून तसंच ठेवलं. माझे केस कडक झालेत. काम झालं की मला धुवत जा. आणि तुमच्या घरी कुणा आजी-आजोबांचा हात थरथरत असेल, तर त्या हातातलं काम काढून घेऊ नका. मी तशा हातात राहिलेला आहे. त्या हाताला सगळं येत होतं.